साठ वाघरा

माझ्या थोरल्या भावाची नात कमळजा हिची सुपारी फुटली ते साल २०४३. महिना फेब्रुवारी. लग्न चैत्रात धरलं होतं. आमचा तळ तेव्हा कोयनेच्या खालच्या अंगाला, ऊस तुटून गेलेल्या रानात पडला होता. अठ्ठावीस बिऱ्हाडं, लहानमोठी मिळून एकशेतीस माणसं, आणि दोन हजारांवर मेंढरं. आम्ही दिवाळीनंतर माणदेशातलं घर बंद करतो, ते ज्येष्ठात परत उघडतो. मधले महिने मेंढरं नेतील तिकडे.

तळाचा म्होरक्या माझा थोरला भाऊ म्हाकू. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. वय एकाहत्तर. उभा राहिला की अजून काठीसारखा सरळ. त्याने सांगितलं की तळ हलायचा, त्याने सांगितलं की थांबायचा.

अकरा तारखेच्या पहाटे आप्पाच्या हातातलं कडं तापलं.

कडं म्हणजे सरकारने दिलेलं. चार वर्षांपूर्वीपासून राज्यातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ते मिळू लागलं. दिसायला आमच्या चांदीच्या कड्यासारखंच, फक्त हलकं, आणि वर मसुरीएवढा एक ठिपका. ठिपका हिरवा असला की माणूस बरा. ठिपका तांबडा झाला आणि कडं तापलं, की आठ-दहा दिवसांत काळजाला किंवा मेंदूला झटका यायचा संभव आहे, ताबडतोब दवाखाना गाठायचा.

हे कळतं कसं, ते कमळजाने मला समजावलं होतं. दोन ठोक्यांच्या मधे जी फट असते ती रोज सारखी नसते. घामातलं मीठही सारखं नसतं. झटका यायच्या आधी काही दिवस या दोन्हींत एक बारीक बदल होतो. पण तेवढ्यावरून काही ठरत नाही, कारण तसाच बदल घाट चढून आलेल्या धडधाकट माणसातही दिसतो. म्हणून कड्याची नोंद आणि त्याच माणसाचा दवाखान्यातला जुना कागद शेजारी ठेवून पाहावे लागतात. दोन्ही एकत्र पाहिले की निदान होतं. एकटी नोंद मुकी, एकटा कागदही मुका.

हे शेजारी ठेवण्याचं काम राज्याचं एक केंद्र करायचं. सातारच्या बाहेर त्याची इमारत होती, लोक तिला नाडीघर म्हणायचे. आणि आमची कमळजा तिथे इंजिनियर होती. तळावर जन्मलेली, मेंढरामागे चालत शाळा शिकलेली पोरगी. ती दुसरीत होती तेव्हा तिच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली, एकोणपन्नासाव्या वर्षी. आप्पाने गिरवली नाहीत. "एका घरात एक मास्तर पुरं," म्हणाला.

तर अकरा तारखेला कडं तापलं. आरोग्यसेविकेचा फोन आला की उद्या येते, कुठे आहात? आप्पाने ठिकाण सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बाई स्कूटरवरून धूळ खात आली, तोवर आप्पाच्या हातातला ठिपका हिरवा झाला होता. तिने आपल्या टॅबवर पाहिलं, तिथेही हिरवा.

"कधी तापाबिपाने होतं असं," ती म्हणाली. "आज चांगलं आहे, आजोबा."

"मला काय धाड भरलीय?" आप्पा म्हणाला. "बाई, च्या घ्या. एवढ्या लांबनं माझा हात बघाय आलासा, म्हातारीला संशय यायचा."

पारू वहिनी चुलीपुढून म्हणाली, "न्या की घिऊन. दोन दिस संबाळा, मंग कळंल."

सगळे हसले. बाई हसत चहा पिऊन गेली.

मी हसलो नाही. मेंढराला दुखणं आलं की ते एका दिवसात उतरत नाही, आणि उतरलं तरी मेंढरू दोन दिवस मान खाली घालून चालतं. आप्पाचं तांबडं आलं आणि पुसून टाकल्यासारखं गेलं, हे मला पटेना. शिवाय बांध चढताना तो दोनदा थांबला होता. विचारलं तर म्हणाला, कुत्रं बघत हुतो.

चौदा तारखेला सकाळच्या एसटीने मी साताऱ्याला गेलो. घरी सांगितलं, पोरीला लग्नाच्या साड्यांचं विचारून येतो.

नाडीघरात कमळजाने मला आपल्या खुर्चीशेजारी बसवलं. डबा उघडून पुढे ठेवला.

"नाना, साड्यांचं विचाराय तुला धाडलं? आज्जीनं? खोटं बोलाय तरी नीट शीक."

मी तिला सगळं सांगितलं. ती खात होती, खायची थांबली.

"एक दिस तांबडं आन् दुसऱ्या दिशी हिरवं?"

"व्हय."

"त्येच्या आधी?"

"आधी कायम हिरवं."

तिने हात धुतले आणि पडद्यावर काही उघडलं. मी जेवणाचा डबा झाकून ठेवला. अर्धा तास ती तेच चाळत राहिली. मग उठली, पाणी पिऊन आली, परत बसली. मग म्हणाली, "नाना, तळावर गेल्या सालात आणि कुणाचं तापलं हुतं?"

"जनाबाईचं. तिला नेली, वाचली. म्हणून तर समद्यांचा इस्वास बसला."

"आन् आणखी कुणाचं?"

"कुणाचंच न्हाय."

"तळावरच्या समद्या कड्यांत कुणाचंच न्हाय," ती म्हणाली. "नाना, आपली माणसं येवढी धडधाकट हाईत व्हय?"

मग तिने मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत मांडायचा प्रयत्न करतो, कारण मला ते एका दमात कळलं आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

राज्यातली सहा कोटी कडी रोज नोंदी पाठवतात. सहा कोटी कागद दवाखान्यांत आहेत. एका यंत्राने ते जुळवायचे म्हटले तर महिनाभर लागेल. म्हणून काम साठ यंत्रांत वाटून देतात. प्रत्येक यंत्राला आपला वाटा. सगळी रात्रभर एकाच वेळी राबतात आणि पहाटे पाचला काम संपतं. त्याला तिथे पहाटेचा जॉब म्हणतात.

"आता संध्याकाळी आपल्याकडं काय करत्यात?" तिने विचारलं. "मेंढरं रानातनं आली, कोकरं दिसभर तळावर. कोकरं आयांना लावायची. धा जणांची मेंढरं असली तर?"

"ज्येची त्येची वाघर." वाघर म्हणजे आमचं जाळीचं कुंपण. "हुलगे बिऱ्हाडाच्या वाघरंत हुलग्याच्या आया, त्यातच हुलग्याची कोकरं सोडायची. मंग कोकरू आपली आय हुडकतं."

"आन् आया मालकाप्रमाणं कोंडल्या, पर कोकरं कशीबी एकेक करून वाटली तर? हे ह्या वाघरंत, ते त्या वाघरंत?"

"कोकरं उपाशी मरतील. पर असं कोण येडं करंल? रात्रभर ओरडून जीव खातील."

"कोकरं ओरडत्यात, नाना," कमळजा म्हणाली. "नोंदी ओरडत न्हाईत."

साठ यंत्रं म्हणजे साठ वाघरा. कड्याची नोंद आणि दवाखान्याचा कागद एकाच वाघरीत पडला तरच ते एकमेकांना भेटणार. म्हणून वाटणी दोन्हीकडे एकाच खुणेने करायची असते. नाडीघराने खूण धरली होती पत्त्यातला तालुका. पाटणच्या माणसाची नोंद पाटणच्या वाघरीत, त्याचा कागदही तिथेच. घर असलेल्या माणसांचं काही बिघडलं नाही.

पण ज्यांच्या पत्त्याचा रकाना रिकामा होता त्यांचं काय?

इथे मला तो दिवस आठवला. कडी वाटायला कारकून आला होता तेव्हा त्याने आप्पाला पत्ता विचारला. आप्पा म्हणाला, "मेंढरामागं." कारकून म्हणाला, गावचं घर सांगा. आप्पा म्हणाला, "थितं कुलूप हाय. जिथं मी न्हाय ते कशाला सांगू? लबाडी हुईल." कारकुनाने रकाना तसाच सोडला. मागे अठ्ठावीस बिऱ्हाडं उभी होती, सगळ्यांनी तेच सांगितलं. म्होरक्याने एक सांगायचं आणि आपण दुसरं, हे आमच्यात होत नाही.

आमच्यासारखी रिकाम्या रकान्याची माणसं राज्यात तीन लाख चाळीस हजार होती. मेंढपाळ, ऊसतोडीवाले, वीटभट्टीवाले. रिकामा रकाना ही सगळ्यांची एकच खूण, म्हणून सगळे एकाच वाघरीत, तिथल्या आधीच्या दहा लाखांवर, कोंडले गेले. एकोणसाठ यंत्रं पाचला मोकळी व्हायची आणि ते एक यंत्र नऊपर्यंत धापा टाकायचं. आणि शेवटची वाघर रिकामी झाल्याशिवाय कुणाचाच निकाल बाहेर पडायचा नाही. सहा कोटी लोकांना पहाटेचा इशारा चार तास उशिरा मिळू लागला. झटका बहुतेक पहाटे-सकाळीच येतो. माणसं मरू लागली.

"मंग कुणीतरी तोड काढली," कमळजा म्हणाली. "वाटणीच्या पद्धतीचा एक खटका असतो. रिकाम्या रकान्याच्या नोंदी आळीपाळीनं वाटायच्या. एक ह्या यंत्राला, एक त्या यंत्राला, खेळातले पत्ते वाटावेत तशा. कुठल्याच यंत्रावर भार न्हाय. जॉब पाचला संपाय लागला."

"आन् त्यांचं दवाखान्याचं कागद?"

"तेबी आळीपाळीनं. वेगळ्या फेऱ्यात."

मी मनाशी मोजलं. साठ वाघरा. आई सातव्या, कोकरू एक्केचाळिसाव्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटणी, पुन्हा दुसरीकडे. साठ दिवसांत एखादा दिवस दोघं योगायोगाने एका वाघरीत यायची. आप्पाची अकरा तारखेला आली होती. बारा तारखेला परत फुटली.

"पर न्हाई भेटलं तर हिरवं कसं?"

"ज्याचा कागद सापडला न्हाई तो कधी आजारीच पडला न्हाई, असा नियम हाय. नव्या लोकांसाठी केल्याला."

बाहेर कुणीतरी हसत गेलं. कमळजा पडद्याकडे पाहत होती.

"ही तोड कुणी काढली?" मी विचारलं.

"म्या," ती म्हणाली. "नवीन लागले हुते. दोन वर्षं चार महिने झाले. साहेबांनी सगळ्यांपुढं उभं करून टाळ्या वाजवाय लावल्या. त्यावरच मला ही खुर्ची मिळाली."

मला तिच्यावर राग यायच्या आधी दुसरंच काही आठवलं. माझी बायको गौरा मागच्या सालच्या मार्चमध्ये गेली होती. पाणी शेंदता शेंदता बसली, ती उठली नाही. हातातला ठिपका हिरवा होता. आम्ही म्हटलं, यंत्रालाही कळलं नाही, वेळच भरली होती.

"गौराचं बघता येतं का त्यात?"

कमळजाने कळफलकावरचे हात मांडीवर घेतले.

"बघ."

"बघितलं, नाना. तुझ्याशी बोलायच्या आधी तेच बघितलं. दोन्ही शेजारी ठेवलं तर नऊ दिवस आधीपासनं तांबडं येतंय."

मी उठून बाहेर गेलो. व्हरांड्यात नळ होता. तोंड धुतलं, पटक्याने पुसलं, थोडा वेळ उभा राहिलो. गौराने या पोरीला आंघोळ घातली होती, वेणी घालून शाळेत सोडली होती. नऊ दिवस. नऊ दिवसांत तर आम्ही तळ तीनदा हलवला होता.

परत आलो. "आता आप्पाचं बघ," म्हटलं.

"तेबी बघितलं," ती म्हणाली. "आजपासनं दोन दिवस. लई झालं तर तीन."

तिच्या साहेबांचं नाव नेर्लेकर. भला माणूस. मला 'बसा आजोबा' म्हणाले आणि कमळजाचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुरुस्ती किती वेळाची आहे?"

"तासाभराची. रिकाम्या रकान्यांची वाटणी व्यक्तिक्रमांकाप्रमाणे करायची, दोन्हीकडे. एका क्रमांकाची नोंद आणि कागद एकाच वाघरीत... एकाच यंत्रात. भारही सारखा पडतो. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं."

"ते राहू दे. उद्या पहाटे लावलं तर पहिल्याच दिवशी किती तांबडे होतील?"

"दोन हजार तीनशेच्या आसपास."

"आणि ते कुठे असतील? सारखे पसरलेले नसतील. फेब्रुवारी आहे, गाळप चालू आहे. ऊसतोडीवाले, मेंढपाळ, भट्ट्या, सगळे नदीकाठच्या चार-पाच तालुक्यांत. एकेका दवाखान्यावर साठ-साठ माणसं एकाच सकाळी. काळजाची नळी उघडायची सोय तिथे एक नाहीतर दोन खोल्यांत. कमळजा, हे ऐक. रोज दोनशे सोडू. ज्यांचं जास्त जवळ आलंय ते आधी. बारा दिवसांत सगळे होतील. तुझ्या आजोबांना आज संध्याकाळीच घेऊन ये, मी स्वतः फोन करतो."

"आणि जवळचं-लांबचं आपला अंदाज किती बरोबर येतो, साहेब? दोन दिवस म्हणतो तिथे कधी एक असतो, कधी सहा."

"माहीत आहे."

"शेवटच्या दोनशेत जे असतील त्यांच्या हातात अकरा दिवस आपण खोटं हिरवं ठेवायचं. माहीत असून."

साहेबांनी चष्मा परत घातला. "आधी आजोबांना आण," म्हणाले. "मग बोलू."

कमळजाच्या गाडीतून आम्ही दुपारी तळावर आलो. मेंढरं अजून रानातच होती. आप्पा घोंगडीवर बसून तुटलेली वाघर सांधत होता. कमळजाने त्याच्यापुढे बसून सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच. पारू वहिनी हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत राहिली.

आप्पाने गाठ पुरी मारली. "म्हंजी पत्ता म्या सांगितला न्हाई म्हणून हे झालं."

"न्हाय, आज्जा. रकाना रिकामा असतोच कुणाचातरी. त्याला जागा देणं माझं काम हुतं."

"गौराबी त्यातच?"

मी मान हलवली. आप्पाने माझ्याकडे पाहिलं.

"ऊठ आज्जा, गाडीत बस. साहेबांनी दवाखान्यात सांगितलंय."

"आन् बाकीची?"

"त्यांचं करणार हाय. थोडं थोडं करून, बारा दिवसांत."

"हितं आणखी कोण हाय तांबडं?"

कमळजाने नावं सांगितली नाहीत. "तिघं," म्हणाली.

आप्पा हसला. "पोरी, ही कडी हातात घालाय ही माणसं तयार नव्हती. बाया चांदी उतरवंनात. म्या घरोघर फिरून घालाय लावली. म्हणलं, हिरवं हाय तवर बिनघोर ऱ्हावा. आन् आता म्या नातीच्या गाडीत बसून दवाखान्यात जाऊ, आन् त्या तिघांस्नी हिरवं बघत बसाय सांगू? उद्या शेवंता हुलगे तुमास्नी विचारंल, म्होरक्या कुठं गेला? काय सांगाल? साड्या बघाय?"

"मरशील, आज्जा."

"तू म्हणतीस दोन दिस. आज रातच्याला तर न्हाय?"

"ते कुणाला ठावं!"

"मंग झालं. समद्यांचं तापलं की माझंबी तापंल. त्या टायमाला गाडीत पुढं बसतो, मागं बस म्हणलंस तरी ऐकायचा न्हाय."

पारू वहिनी ओरडली त्याच्यावर. शिव्या दिल्या, रडली. त्याने वाघर गुंडाळली आणि खुंट्याला लावली. "ह्या बाईला पन्नास वर्सं झाली, अजून माझा सोभाव कळंना," म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "धुळा, पोरीवर राग धरू नगंस."

मी उठून कोकरांकडे गेलो. मला तेव्हा ते जमलं नसतं.

मेंढरं परतली, कोकरं सोडली. त्या गोंगाटात कमळजा गाडीच्या सावलीत बसली, मांडीवर लॅपटॉप. मी तिच्या मागे उभा होतो. पडद्यावर एक यादी उघडली. वाटणीची पद्धत, असं वर लिहिलं होतं आणि खाली पाच ओळी. 'आळीपाळीने' या ओळीपुढे खूण होती. तिने ती काढून 'व्यक्तिक्रमांकाप्रमाणे' या ओळीपुढे केली. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. कड्यांसाठी आणि कागदांसाठी. एवढंच. मग मागच्या दिवसाच्या नोंदी घालून तासभर तपासत बसली.

शेवटी एक चौकोन आला. 'बदलाचं कारण.' तिने लिहिलं: रिकाम्या पत्त्याच्या माणसांच्या दोन नोंदी एकमेकींना भेटत नव्हत्या. त्यांना दिलेला हिरवा ठिपका खोटा होता. ही वाटणी मी लावली होती. आणि खाली आपलं पूर्ण नाव.

मग तिने साहेबांना फोन केला. मला एकाच बाजूचं ऐकू आलं.

"हो साहेब. सगळे एकदम... हो, तुम्ही थांबवू शकता. पण मग त्या चौकोनात कारण तुम्हाला लिहावं लागेल... हो. हो, समजतंय मला. आजोबाही सगळ्यांबरोबरच येतील."

साहेबांनी ते थांबवलं नाही. नंतर कळलं की त्यांनी अंधार पडेपर्यंत एकेका दवाखान्याला फोन करून खाटा मोकळ्या करून घेतल्या.

पहाटे पाच वाजून चार मिनिटांनी तळावर कडी तापली. आप्पाचं, शेवंता हुलगेचं, शिवाप्पाचं आणि बंडूचं. बंडू चौतिशीचा वाटायचा, होता एकेचाळीसचा. दोन वर्षांची जुळी मुलं होती त्याला. त्याने कडं काढून झटकलं, परत घातलं. "काय बिघाडलंय गं ह्येला?" म्हणून बायकोला विचारू लागला. माझं हिरवंच राहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते माझंच हिरवं होतं.

कमळजाच्या गाडीत चौघं आणि मी. आप्पा पुढे बसला.

सात वाजता दवाखान्याच्या आवारात चाळीस माणसं होती, नऊला सत्तावन्न. ट्रॅक्टरातून आलेली, भट्टीच्या ट्रकमधून आलेली. कोयते अजून कमरेला. प्रत्येकाच्या हातात तांबडा ठिपका आणि बहुतेकांना दुखत काहीच नव्हतं. कुणी विड्या ओढत होतं, डॉक्टरीण ओरडली की विझवायचं. ती बाई एकटी सगळ्यांचे कागद पाहून नंबर लावत होती. खोल्या दोन. एकेका माणसाला पाऊण तास.

आप्पाचा नंबर सातवा लागला, बंडूचा अकरावा.

"बाई," आप्पा म्हणाला, "ह्येला माझ्या जागी घ्या."

"आजोबा, नंबर मी लावते."

"ते खरं. पर दोघांचं कागद पुन्यांदा बघा. लई अंतर हाय का?"

तिने पाहिलं. "अंतर थोडं आहे," म्हणाली. "पण आहे."

"त्येची दोन पोरं हाईत, हेवढाली. माझी नातवंडं लग्नाला आली. थोडं अंतर म्या भरून काढतो."

डॉक्टरणीने दोन्ही कागद शेजारी धरले. मागून कुणीतरी हाक मारत होतं. तिने दोन कागदांवरचे आकडे खोडून बदलले आणि पुढे गेली. बंडूला हे कुणी सांगितलं नाही. नाव पुकारलं तसा तो उठून आत गेला.

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आप्पा मधे, एका बाजूला मी, एका बाजूला कमळजा.

"काल संध्याकाळी आणलं असतं तर एव्हाना तुझं होऊन गेलं असतं," ती म्हणाली. "एकटाच असतास. दोन्ही खोल्या मोकळ्या होत्या."

"आन् बंड्या आज मेंढरामागं असता."

"मी सगळ्यांना एकदम बोलावलं म्हणून ही रांग आहे, आज्जा. साहेब बरोबर सांगत होते."

"सायेबबी बरोबर आन् तूबी बरोबर. आसं असतंया कधी कधी." त्याने पाय लांब केले. "धुळा, आज मेंढरं कुणी सोडली?"

"पारू वहिनी गेली असंल पोरांना घिऊन."

"तिला म्हणावं वरल्या रानात नगं नेऊस, थितं औषध मारलंय."

मी फोन काढून वहिनीला लावला. ती म्हणाली, मला ठावं हाय, त्यांना म्हणावं गप बसा. मी तसं सांगितलं. आप्पा हसला आणि डोळे मिटून भिंतीला टेकला. कमळजाने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. कडं अजून कोमटच होतं.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. चौकशी बसली, आठ महिने चालली. कमळजाने स्वतःच जुन्या नोंदी काढून दोन वर्षं चार महिन्यांचा जॉब नव्या वाटणीने परत चालवला आणि हातात हिरवा ठिपका घेऊन मेलेल्यांची यादी चौकशीला दिली. नऊ हजार एकशे बारा नावं. त्यात गौराचं नाव होतं. ते तिने मला दाखवलं, मी वाचलं. तिची खुर्ची गेली, नोकरी राहिली. सुपारी मोडली. चौकशीत नाव आलेली सून नको, असं सोयऱ्यांनी तोंडावर म्हटलं नाही, यंदा दिवस चांगले नाहीत म्हणाले. मी तिच्याशी आषाढापर्यंत बोललो नाही. मग एकदा ती गावी आली, मी भाकरी केली, दोघांनी खाल्ली. गौराविषयी आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बोललो, उजेड जाईपर्यंत.

कड्याच्या नियमात आता एक बदल आहे. ज्याचा कागद सापडत नाही त्याचा ठिपका हिरवा होत नाही, पांढरा राहतो.

त्या सकाळी राज्यात दोन हजार तीनशे सेहेचाळीस कडी तापली. त्यांपैकी एकतीस माणसं वाटेत किंवा रांगेत गेली. बंडू, शेवंता हुलगे आणि शिवाप्पा वाचले, तिघंही आज मेंढरामागे आहेत. माझा थोरला भाऊ म्हाकू विठू कोकरे १५ फेब्रुवारी २०४३ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी व्हरांड्यातल्या बाकावर वारला. त्याच्या आधी दोन नंबर होते.